घोड्याची सर्दी लांबली तर: ग्लँडर्सबद्दल सोप्या भाषेत

टांगे बंद झाले आणि बेळगावातून घोडा गेला, असं शहरातल्या माणसाला वाटतं. त्याने एकदा निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या बाजूला फेरी मारावी. मेंढरांमागून चालणाऱ्या धनगरांच्या तट्टांवर अख्खा संसार लादलेला दिसतो: जाळ्या, भांडी, घोंगडी, आणि वर बांधलेलं एखादं कोकरू. शर्यतीच्या गाडीला कुठे घोडे, तर कुठे एका अंगाला बैल आणि दुसऱ्या अंगाला घोडा. लग्नाच्या वरातीला पांढरा घोडा, शिवजयंतीच्या मिरवणुकीत घोडा, वीटभट्टीवर माती वाहणारी गाढवं. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीचे शितोळे सरकारांचे मानाचे अश्व तर दरवर्षी पायी आळंदीला जातात, माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी.

आपल्याकडचा घोडा असा सतत फिरतीवर असतो. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, पशुसंवर्धन खातं बदलतं, दवाखान्यातल्या कागदाची भाषा बदलते. घोड्याचं काही बदलत नाही. तो जिथे थांबेल तिथल्या हौदात तोंड घालतो.

या फिरण्यामुळेच आपण सीमाभागातल्या लोकांनी एका आजाराची नीट माहिती ठेवायला हवी. त्याचं नाव ग्लँडर्स. घोडा, गाढव आणि खेचर यांना होणारा हा जिवाणूजन्य रोग माणसालाही लागू शकतो. तो आत्ता आपल्या दारात येऊन उभा आहे असं सांगून कुणाला घाबरवायचं नाही. पण दोन गोष्टी डोळ्यांसमोर असू द्या. बरीच वर्षं तुरळक नोंदींवर राहिलेला हा रोग 2006 साली भारतात पुन्हा उफाळला, तेव्हा सुरुवातीच्या जागांमध्ये पुणे आणि पाचगणी होती. आणि 2023 मध्ये बेंगळुरूच्या डी. जे. हळ्ळी भागात एका घोड्याला ग्लँडर्स असल्याचं निष्पन्न झालं, तेव्हा तो परिसर बाधित क्षेत्र म्हणून जाहीर करावा लागला. पुणे आणि बेंगळुरू यांना जोडणारा महामार्ग कुठल्या जिल्ह्यातून जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

जंतू कसा आहे

रोगाला कारण असलेल्या जिवाणूचं नाव बर्खोल्डेरिया मॅलेई. 1882 साली जर्मनीत लोफ्लर आणि शुट्झ या दोघांनी मेलेल्या घोड्याच्या यकृत-प्लीहेतून तो पहिल्यांदा वेगळा काढला. रोग मात्र त्याहून कितीतरी जुना. ग्रीक आणि रोमन लोकांच्या लिखाणातही त्याचं वर्णन सापडतं. जिथे लष्कर तिथे घोडे आणि जिथे खूप घोडे एका तबेल्यात तिथे ग्लँडर्स, असा शतकानुशतकांचा अनुभव होता.

या जंतूचा एक जवळचा नातलग आहे, बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलेई. तो ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मजेत राहतो. शास्त्रज्ञांनी दोघांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा असं दिसलं की ग्लँडर्सचा जंतू या मातीतल्या जंतूपासूनच निघालेला आहे. फार पूर्वी कधीतरी तो घोड्याच्या शरीरात शिरला, तिथेच रमला, आणि बाहेर जगण्यासाठी लागणारी बरीचशी जनुकं हळूहळू गमावून बसला. आता त्याला मातीत स्वतंत्रपणे वाढता येत नाही. जगायला घोड्याचं किंवा गाढवाचं अंगच लागतं.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा जंतू काळपुळीच्या जंतूसारखी टणक बीजाणूंची अवस्था तयार करत नाही. काळपुळीने मेलेलं जनावर पुरलेल्या जागी अनेक वर्षांनीसुद्धा धोका राहतो. ग्लँडर्सचं तसं नाही. कडक ऊन लागलं, वाळला, तापवला, ब्लीचिंगचं पाणी पडलं की तो मरतो. फक्त अंधारा, ओलसर, कोंदट तबेला मिळाला तर काही आठवडे तग धरतो. तेव्हा घोड्यांमधला रोग संपवला की रोगच संपतो. ब्रिटनमध्ये 1928 पर्यंत तो संपला, अमेरिकेत 1942 पर्यंत. तिथे कुठलं जादूचं औषध सापडलं नव्हतं आणि लसही नव्हती. जनावरं तपासली, बाधित निघाली ती काढून टाकली, आणि हे चिकाटीने वर्षानुवर्षं केलं. मोटारी आल्या आणि रस्त्यावरचे घोडे कमी झाले, त्याचाही हातभार लागला.

घोड्याला होतो म्हणजे काय होतं

"सायेब, जरा सर्दी झालीया त्याला. दोन इंजेक्शनं मारा, रविवारी शर्यत हाय." पशुवैद्यकीय दवाखान्यात काम केलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. बहुतेक वेळा ती खरंच सर्दी असते. पण ग्लँडर्सही असाच सुरू होतो, आणि पुष्कळदा असाच चालू राहतो.

रोगाची तीन रूपं सांगितली जातात. नाकाचं, फुप्फुसाचं आणि कातडीचं. प्रत्यक्षात एकाच जनावरात तिन्ही एकदम दिसू शकतात.

नाकाच्या रूपात आधी पाण्यासारखा आणि मग घट्ट, पिवळट-हिरवट, चिकट स्राव येतो. कधी त्यात रक्ताची झाक असते. बऱ्याचदा तो एकाच नाकपुडीतून येतो, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नाकपुडीच्या आतल्या पडद्यावर लहान गाठी येतात, फुटतात, त्यांचे व्रण होतात. व्रण भरले की चांदणीच्या आकाराचे वण उरतात. जबड्याखालच्या गाठी सुजून कडक होतात.

फुप्फुसाच्या रूपात ताप, कोरडा खोकला, धाप, आणि खाऊनपिऊन वाळत जाणारं जनावर. वरून फारसं काही दिसत नाही. मालक म्हणतो, "खुराक अंगाला लागंना."

कातडीच्या रूपाला फार्सी म्हणतात. मागच्या पायांच्या आतल्या अंगाला, पोटाला, कधी मानेला त्वचेखालून रसवाहिन्या फुगतात आणि त्यांच्यावर मण्यांच्या माळेसारख्या ओळीने गाठी येतात. गाठी फुटून त्यातून मधासारखा चिकट पू वाहतो. हे रूप ओळखायला त्यातल्या त्यात सोपं. तरीही त्यातही गल्लत होते, कारण बुरशीमुळे होणाऱ्या एका आजारात अगदी अशाच गाठी येतात. नाकाच्या रूपाचीही स्ट्रँगल्स या आजाराशी गल्लत होते. त्यातही जबड्याखाली गळू होतं आणि नाकातून पू येतो, पण तो बहुधा तरुण घोड्यांना होतो, गळू पिकून फुटतं आणि जनावर सावरतं. नुसत्या नजरेने यांतला फरक सांगणारा माणूस कितीही जाणकार असो, त्याच्यावर विसंबू नये.

आता खरी मेख. गाढव आणि खेचर यांच्यात ग्लँडर्स सहसा झपाट्याने वाढतो. तीव्र ताप, धाप, नाकातून पू, आणि काही दिवसांत ते दगावतं. घोड्यात तो रेंगाळतो. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. मधूनच नाक वाहतं, मग थांबतं. घोडा पळतो, वरातीत नाचतो, गाडी ओढतो. आणि या सगळ्या काळात जंतू बाहेर टाकत असतो. एखाद्या वस्तीवर दोन-तीन गाढवं पाठोपाठ मेली, तर त्यांच्याबरोबर पाणी पिणाऱ्या धडधाकट घोड्याकडे आधी बघावं, असं जुने पशुवैद्य सांगत, ते यामुळेच.

पसरतो कसा

याबाबतीत एक गैरसमज सर्रास आढळतो. आजारी घोडा वाऱ्याच्या दिशेला बांधला की पुरे, असं लोकांना वाटतं. घोड्या-घोड्यांमध्ये ग्लँडर्सचा मुख्य रस्ता तोंडातून पोटात जातो. नाकातला स्राव हौदात पडतो, बादलीत पडतो, वैरणीत पडतो. दुसरं जनावर तेच पाणी पितं, तीच वैरण खातं. एकाचा तोबरा दुसऱ्याच्या तोंडाला बांधला, एकाचा लगाम दुसऱ्याला घातला, एकाच खराऱ्याने दोघांना खरारा केला, की काम झालं.

आपल्याकडच्या जत्रा या दृष्टीने बघा. माघी पौर्णिमेच्या सुमारास चिंचलीला मायाक्काची यात्रा भरते. दोन्ही राज्यांतून माणसं येतात, त्यांच्याबरोबर जनावरं येतात. शर्यतीच्या मैदानाशेजारी एक टाकी, तिच्या तोंडाशी एक हौद, आणि ओळीने लागलेले घोडे. यात देवीचा काही दोष नाही आणि यात्रेकरूंचाही नाही. पण रोगाला हवी असते नेमकी अशीच जागा. आपली बादली आपण नेली आणि पाणी नळाचं थेट बादलीत घेतलं, तर धोका बराचसा तिथेच संपतो. एवढ्या मोठ्या रोगाला एवढा साधा उपाय सांगायला जरा संकोच वाटतो, पण आहे तो आहे.

गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांचं काय, हा प्रश्न साहजिक आहे, कारण आपल्या बाजूला घोडा बहुधा म्हशीशेजारीच बांधलेला असतो. गाय, म्हैस, डुक्कर आणि कोंबडी यांना हा रोग निसर्गतः होत नाही. दुधाची भीती बाळगायचं कारण नाही. शेळ्या-मेंढ्यांना आणि उंटांना आजारी घोड्यांच्या सहवासात लागण होऊ शकते. कुत्री, मांजरं आणि वाघ-सिंह यांना मात्र बाधित जनावराचं मांस खाल्ल्याने रोग जडतो. इराणमध्ये तेहरानच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघ-सिंहांना असंच झालं होतं. म्हणून संशयास्पद घोडा किंवा गाढव मेलं तर ते माळावर ओढून टाकू नये. भटकी कुत्री आहेतच.

तपासणी: पापणीपासून हिसारपर्यंत

जंतू सापडल्यानंतर काही वर्षांतच, 1890 च्या सुमारास रशियात मॅलेइन नावाचा अर्क तयार झाला. ग्लँडर्सच्या मेलेल्या जंतूंपासून काढलेली प्रथिनं त्यात असतात. घोड्याच्या खालच्या पापणीत 0.1 मिलिलिटर टोचायचं आणि 24 व 48 तासांनी डोळा बघायचा. पापणी टम्म सुजली, डोळ्यातून पू आला, तर जनावर बाधित. माणसातल्या क्षयरोगासाठी हातावर टोचून करतात त्या चाचणीमागचं तत्त्वही हेच आहे. हा अर्क बनवणाऱ्यांपैकी कालनिंग हा पशुवैद्य त्याच कामात ग्लँडर्स होऊन मेला.

आता भारतात भर रक्ततपासणीवर आहे. पशुवैद्यकीय अधिकारी घोड्याचं रक्त घेतात, त्यातला सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी, वेगळा करून थंड पेटीत पाठवला जातो. शरीरात जंतू शिरला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती आहेत का, हे बघायचं. पहिली चाचणी एलायझा. ती चाळणीचं काम करते, कुणी बाधित सुटू नये म्हणून. तिच्यात जे अडकतात त्यांच्यासाठी दुसरी चाचणी, कॉम्प्लिमेंट फिक्सेशन टेस्ट, थोडक्यात सीएफटी. कुणी निर्दोष मारला जाऊ नये म्हणून ही खात्री. देशात या कामातली शेवटची मोहर हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची. म्हणजे रायबागच्या तट्टाच्या रक्ताचा निकाल तिथून येतो. तोवर जनावर वेगळं बांधायचं आणि थांबायचं, हा काळ मालकाला फार जड जातो.

चाचण्या शंभर टक्के अचूक नसतात, हेही सांगितलं पाहिजे. गाढव-खेचरांच्या सीरममध्ये सीएफटी कधी कधी गोंधळते. मातीतल्या त्या नातलग जंतूची लागण झालेलं जनावरही चाचणीत चुकून बाधित दिसू शकतं, कारण दोघांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं फार सारखी आहेत. म्हणून एका निकालावर न थांबता पुन्हा रक्त घेतलं जातं. मालकाला ही टाळाटाळ वाटते. त्याच्या जनावराच्या बाजूने विचार केला तर ती त्याच्या हिताची असते.

बाधित निघालं तर

इथे येऊन वाचणाऱ्याचा जीव खाली-वर होतो. बाधित घोड्यावर उपचार करायला परवानगी नाही. त्याला वेदना न होता दयामरण द्यायचं, मृतदेह जाळायचा किंवा चुना टाकून खोल पुरायचा, तबेला धुऊन निर्जंतुक करायचा, वैरण आणि गंजी जाळायची.

मालक विचारतो, आणि त्याचं विचारणं रास्त आहे, की प्रतिजैविकं असताना मारायचं कशाला? काही प्रतिजैविकांनी घोड्याची लक्षणं कमी होतात हे खरं. अडचण अशी की हा जंतू पेशींच्या आत शिरून बसतो. औषधाने नाक कोरडं पडतं, गाठी बसतात, घोडा तकतकीत दिसू लागतो, आणि आत जंतू शिल्लक राहतो. मग तो विकला जातो. घेणारा दुसऱ्या तालुक्यातला, दुसऱ्या राज्यातला. उपचार न झालेल्या आजारी घोड्यापासून लोक निदान चार हात दूर तरी राहतात. अर्धवट बरा केलेला घोडा जत्रेत सगळ्यांच्या मधोमध उभा असतो. लस नाही, ना घोड्यासाठी ना माणसासाठी. एकदा रोग होऊन गेला की पुन्हा होणार नाही, असंही नाही.

कायदा याबाबत जुना आहे. ब्रिटिश सरकारने 1899 सालीच ग्लँडर्स आणि फार्सीसाठी स्वतंत्र कायदा केला होता. लष्कराचे घोडे वाचवणं हा त्यामागचा हेतू उघड होता. आता त्याच्या जागी जनावरांतल्या संसर्गजन्य रोगांविषयीचा 2009 चा केंद्रीय कायदा आहे, आणि तो सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे. संशय आल्यावर कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. गावातल्या पंचायतीला कळवलं तरी चालतं, थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं तर उत्तम. केंद्राने 2019 मध्ये ग्लँडर्ससाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला. त्यानुसार बाधित जनावराभोवतीचा 5 किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र धरायचा आणि त्यापुढे 25 किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवायची. 2025 च्या सुधारित आराखड्यात ही वर्तुळं लहान केली: 2 किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र आणि 10 किलोमीटरपर्यंत देखरेख. मोठ्या वर्तुळातली सगळी जनावरं तपासता तपासता माणसं थकायची. लहान वर्तुळात काम खरोखर होण्याची शक्यता जास्त.

नुकसानभरपाईची तरतूद आहे. घोड्याला एक दर, गाढव-खेचराला त्याहून कमी. पण शर्यतीत नाव काढलेल्या घोड्याची बाजारातली किंमत आणि सरकारी दर यांचा मेळ बसणं कठीण. धनगराचं तट्टू किंवा भट्टीवरचं गाढव गेलं, तर किंमत तर जातेच, वर रोजचं काम अडतं. माझं स्पष्ट मत आहे की रोग लपवला जातो तो अडाणीपणामुळे कमी आणि या हिशेबामुळे जास्त. गावागावांत जागृतीचे फलक लावण्याआधी भरपाई वेळेत हातात पडली, तर मालक स्वतः फोन करतील. फलक बेळगावात निदान कन्नड आणि मराठी दोन्हींत असावेत, ही मागणी त्यानंतरची.

माणसाला

आधी दिलासा. माणसाला ग्लँडर्स सहज लागत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला, वरातीत घोड्यापुढे नाचणाऱ्याला, घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला घाबरायचं कारण नाही. माणसाकडून माणसाला होणं तर अगदी विरळा. धोका असतो तो जनावराच्या नाका-तोंडाशी, पुवाशी, रक्ताशी रोज संबंध येणाऱ्याला: घोडा सांभाळणारा मोतद्दार, नालबंद, पशुवैद्य, मेलेल्या घोड्याची विल्हेवाट लावणारा, आणि प्रयोगशाळेतला कर्मचारी.

जंतू शिरतो तो कातडीवरच्या लहानशा जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या ओल्या त्वचेतून. घोडा तोंडाशी फुरफुरला की त्याच्या नाकातले तुषार श्वासातूनही आत जातात. नाल ठोकताना हाताला खरचटणं ही नालबंदाच्या रोजच्या कामातली गोष्ट, म्हणून त्याने हातमोजे घालायची सवय सगळ्यांत आधी लावून घ्यायला हवी.

लागण झाली तर साधारण दोन आठवड्यांच्या आत लक्षणं दिसतात. जखमेच्या जागी गाठ, मग व्रण, काखेत किंवा जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ. किंवा ताप, थंडी, अंगदुखी, खोकला, छातीत दुखणं. जंतू रक्तात पसरला तर अंगभर पुरळ, यकृतात आणि प्लीहेत गळवं, आणि उपचार मिळाला नाही तर बहुतेक रुग्ण दगावतात. प्रतिजैविकं नव्हती त्या काळात ग्लँडर्स हा माणसासाठी जवळजवळ मृत्यूचा निरोप होता. आज सेफ्टाझिडीम, मेरोपेनेम यांसारखी औषधं शिरेतून आणि नंतर डॉक्सिसायक्लीन किंवा कोट्रायमॉक्साझोल गोळ्यांतून देतात, तीही कित्येक महिने. ताप उतरला म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर रोग उलटतो. साध्या पेनिसिलिनला हा जंतू दाद देत नाही.

अमेरिकेत 2000 साली घडलेली एक केस वैद्यकीय वर्तुळात प्रसिद्ध आहे. मेरीलँडमधल्या लष्करी प्रयोगशाळेतला एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या जंतूवर काम करायचा आणि नेहमी हातमोजे घालायचा नाही. त्याला मधुमेह होता. काखेत गाठ आली, ताप यायला लागला, वजन घटत गेलं. एकामागून एक प्रतिजैविकं दिली गेली, थोडं बरं वाटायचं, पुन्हा ताप. शेवटी यकृतात आणि प्लीहेत गळवं सापडली. त्यातला जंतू ओळखायला दिला, तर स्वयंचलित यंत्राने भलत्याच जंतूचं नाव सांगितलं. खरा रोग उमगल्यावर महिनोन् महिने उपचार झाले आणि तो वाचला. ज्या माणसाचं रोजचं काम हाच जंतू होतं, त्याच्या निदानालाही इतका वेळ लागला.

आपल्याकडच्या डॉक्टरांना यावरून दोष द्यायचा नाही. तापाचा रुग्ण आला की ते आधी मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू, उंदरांपासून होणारा लेप्टो यांचा विचार करणार, आणि तो बरोबरच आहे. म्हणून बोलायचं ते रुग्णाने. घोड्या-गाढवांत काम करणाऱ्याला आठवडाभर ताप असेल आणि तो उतरत नसेल, तर डॉक्टरांच्या पुढे बसल्यावर पहिलं वाक्य हे हवं: "मी घोड्यांचं काम करतो, आणि आमचं एक जनावर आजारी आहे." हे वाक्य ऐकल्यावर डॉक्टर कुठल्या तपासण्या सांगायच्या ते ठरवतील, आणि प्रयोगशाळेलाही आधी सूचना देतील, कारण न सांगता पाठवलेला नमुना तिथल्या माणसांना धोक्यात घालतो.

याच संदर्भात त्या मातीतल्या नातलगाचा एक उल्लेख. त्याच्यामुळे माणसाला होणाऱ्या रोगाला मेलिऑइडोसिस म्हणतात. कर्नाटकच्या किनारपट्टीवर, उडुपी-मणिपाल भागात पावसाळ्यात त्याचे रुग्ण डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यासाठी घोडा लागत नाही; मधुमेह असलेला शेतकरी अनवाणी चिखलात उतरला तरी पुरतं. खानापूरकडच्या भातशेतीत राबणाऱ्या मधुमेही माणसाने ग्लँडर्सपेक्षा या रोगाची माहिती जास्त ठेवावी, असं मी म्हणेन. लक्षणं आणि औषधं दोन्ही रोगांत बरीच सारखी आहेत.

हत्यार म्हणून

ग्लँडर्सचं नाव जैविक शस्त्रांच्या यादीत का असतं, हे कुणीतरी विचारतंच. पहिल्या महायुद्धात तोफा आणि रसद ओढायला घोडे-खेचरं लागत, आणि मित्रराष्ट्रांना ती अमेरिकेतून जहाजाने जात. अँटन डिल्गर नावाच्या जर्मन हेराने वॉशिंग्टनजवळच्या एका घराच्या तळघरात काळपुळी आणि ग्लँडर्सचे जंतू वाढवले आणि बंदरावर वाट बघत उभ्या असलेल्या जनावरांना ते टोचायची व्यवस्था केली. माणसं मारण्यापेक्षा सैन्याचे पाय बांधणं हा हेतू होता. आज त्या मार्गाने आपल्या वीटभट्टीवर ग्लँडर्स येईल अशी भीती बाळगणं हास्यास्पद ठरेल. तो आला तर कुणीतरी स्वस्तात विकलेल्या, नाक पुसून उभ्या केलेल्या घोड्याबरोबर येईल.

करायचं काय

नवा घोडा, गाढव किंवा खेचर विकत आणलं की ते थेट जुन्या जनावरांत मिसळू नये. निदान तीन आठवडे वेगळं बांधावं, बादली वेगळी, तोबरा वेगळा, आणि त्या काळात पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून रक्त तपासून घ्यावं. विकणाऱ्याकडे अलीकडचा निकाल मागायला लाजू नये. दोन-चार हजार कमी करून देतो म्हणणाऱ्याकडे तर जरूर मागावा.

नाकातून घट्ट स्राव, जबड्याखाली गाठ, पायाला ओळीने फुटणारे फोड, यांतलं काही दिसलं तर गावातल्या कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन देऊ नये. जनावर वेगळं करावं, त्याला पाणी पाजणारा माणूस एकच ठेवावा, त्याने हातमोजे आणि तोंडाला मास्क वापरावा, हातावरची जखम झाकावी आणि काम झालं की साबणाने हात धुवावेत. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन लागतो, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही. धनगरांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण आजार निघतो तेव्हा ते बहुधा आपल्या तालुक्यात नसतात, आणि ओळखीचा डॉक्टर शंभर मैल मागे राहिलेला असतो.

शर्यत किंवा जत्रा भरवणाऱ्या मंडळींकडे दोन मागण्या. समाईक हौद बंद करून नळ ठेवावेत. आणि प्रवेशाच्या वेळी घोड्याच्या रक्ततपासणीचा कागद बघावा, तो कुठल्याही राज्यातला असो. पहिल्या वर्षी भांडणं होतील. एखादा मालक रागाने गाडी फिरवून जाईल आणि पुढच्या गावच्या मैदानात उतरेल, म्हणून हे एका गावाने करून भागणार नाही. चिकोडीकडच्या आणि कागलकडच्या कमिट्यांनी मोसम सुरू व्हायच्या आधी एकत्र बसून ठरवावं लागेल.